चार ताटल्यांचे इडलीपात्र आणि भाज्यांची इडली

साध्या इडलीवरून इडलीपात्राची पारख करण्यात फारसा अर्थ नाही, कारण पीठ नीट आंबलेले असेल तर ती कोणत्याही भांड्यात फुलते. पिठात गाजर, फरसबी, मटार आणि सिमला मिरची पडली की मात्र भांड्याचे गुणदोष उघडे पडतात. गेले आठ महिने मी स्टेनलेस स्टीलचे, चार ताटल्यांचे आणि एका वेळी सोळा इडल्या होणारे पात्र वापरत आहे. हे परीक्षण मुख्यतः भाज्यांच्या इडलीच्या अनुभवावर आधारलेले आहे.

या पात्राची सर्वांत जमेची बाजू म्हणजे ताटल्यांच्या खळग्यांना असलेली बारीक छिद्रे. भाज्या वाफेवर शिजताना पाणी सोडतात आणि ते पाणी खळग्याच्या तळाशी साचले की इडली वरून फुललेली, पण खालून गिचगिचीत राहते. माझ्या जुन्या ॲल्युमिनियमच्या, बिनछिद्रांच्या साच्यात हे दर वेळी होत असे आणि मी त्याचा दोष विनाकारण पिठाला देत असे. छिद्रांमुळे वाफ खालूनही लागते आणि जादा पाणी निथळून जाते. तमिळ घरांत साच्यावर ओले सुती कापड पसरून त्यावर पीठ घालतात, आणि कांचीपुरमची प्रसिद्ध इडली बांबूच्या टोपलीत पाने अंथरून उकडतात. वाफेला सगळीकडून वाट मिळावी, हेच या दोन्ही रीतींतून साधते.

झाकण मात्र निराशा करते. ते जवळजवळ सपाट असल्यामुळे आतून जमलेले वाफेचे थेंब कडेने ओघळण्याऐवजी मधोमध टपकतात आणि सर्वांत वरच्या ताटलीतील इडल्यांना देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. झाकणाला आतून पातळ पंचा बांधला की हा त्रास थांबतो, पण पंचाची टोके वर घेऊन मुठीपाशी गाठ मारावी लागते, नाहीतर ती थेट आचेवर लोंबतात. घुमटाकार झाकण दिले असते, तर ही सगळी उठाठेव वाचली असती.

दुसरी तक्रार खालच्या ताटलीविषयी आहे. तिच्यात आणि भांड्याच्या तळात जेमतेम दोन बोटे अंतर आहे. पाणी थोडे जास्त झाले की उकळताना ते छिद्रांतून वर येते आणि खालच्या इडल्यांची खीर होते, तर कमी घातले की दुसरा घाणा संपेपर्यंत भांडे कोरडे पडते. माझ्याकडून एकदा तसे झालेही, आणि तळाला पडलेला निळसर डाग अजून गेलेला नाही. आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीची एक रेघ असती, तर अंदाजाचा हा खेळ टळला असता.

पात्राइतकेच महत्त्व भाज्यांच्या तयारीला आहे. मी तीन वाट्या उकड्या तांदळाला एक वाटी उडीद डाळ घेते, दोन्ही वेगवेगळे भिजवून वाटते आणि पीठ रात्रभर आंबवते. भाज्या मात्र आंबवलेल्या पिठातच आणि तेही उकडण्याच्या ऐन वेळी घालते. मोहरी, चणा डाळ, हिंग आणि कढीपत्त्याच्या फोडणीत किसलेले गाजर व अगदी बारीक चिरलेली फरसबी दोन-तीन मिनिटे परतली की त्यांचे बरेचसे पाणी कढईतच आटते. चार वाट्या पिठाला एक वाटी भाज्या पुरतात. हौसेने दीड वाटी घातली, तेव्हा इडली सुरी लागताच फुटली. पीठ हलक्या हाताने कालवावे, कारण रात्रभरात त्यात भरलेला वायू जोरात घोटल्याने निघून जातो.

आंबवायला वेळ नसेल त्या दिवशी रवा आणि दह्याचे पीठ याच पात्रात चांगले उतरते. त्याला पाव चमचा सोडा लागतो आणि तो घातल्यावर क्षणभरही थांबता येत नाही, म्हणून पाण्याला आधी उकळी आणून ताटल्यांना तेल लावून ठेवावे.

मध्यम आचेवर साध्या इडलीला दहा मिनिटे लागतात, तर भाज्यांच्या इडलीला बारा ते तेरा. झाकण काढल्यावर लगेच सुरी न घालता पाच मिनिटे थांबले आणि सुरी पाण्यात बुडवून कडेने फिरवली, तर इडली अखंड निघते. घासणे हे मात्र कंटाळवाणे काम आहे. गाजराचे कण छिद्रांत अडकून वाळले की घासणीला दाद देत नाहीत, म्हणून ताटल्या जेवण होईपर्यंत पाण्यात बुडवून ठेवाव्या लागतात. मधल्या दांड्याचा वरचा नटही दोन-चार वापरांनंतर सैल होतो. तो न आवळता दांडा उचलला, तर वरची ताटली कलंडते.

चार-पाच माणसांच्या घरात वरचेवर भाज्यांची इडली होत असेल, तर केवळ छिद्रांच्या ताटल्यांसाठी हे पात्र घेण्यासारखे आहे. एकदोघांसाठी मात्र दोन ताटल्यांचे, घुमटाकार झाकणाचे लहान पात्र शोधावे. माझ्याही चारपैकी दोन ताटल्या रविवारखेरीज कपाटातच असतात.