उड्डाणाआधीचे आणि नंतरचे धोके: कोथरूडमधील एक कार्यशाळा

लहान विमानांच्या जमिनीवरील अपघातांना, त्यातही वैमानिकाच्या चुकीने होणाऱ्या अपघातांना, अख्खा रविवार देणारी कार्यशाळा कोथरूडमधील एक खासगी संस्था घेते. लोहगाव हा हवाई दलाचा तळ असल्यामुळे पुण्यातील बहुतेक विद्यार्थी उड्डाण शिकायला बारामतीसारख्या ठिकाणी जातात. तिथे विमानाच्या तासाचे पैसे मोजले जात असल्याने एप्रनवर (विमाने उभी करण्याच्या जागेत) उभे राहून शंका विचारायला सवड मिळत नाही, आणि ती उणीव ही कार्यशाळा बऱ्याच अंशी भरून काढते.

प्रोपेलरवरील सत्र सर्वांत सरस होते. मॅग्नेटो म्हणजे इंजिनासाठी ठिणगी निर्माण करणारे छोटे जनित्र; स्विच बंद केल्यावर त्याला एका तारेतून अर्थिंग मिळते आणि ठिणगी थांबते. ती तार तुटलेली असेल, तर स्विच बंद दिसत असतानाही मॅग्नेटो ठिणगी देऊ शकतो आणि पाते हाताने किंचित हलवले तरी इंजिन अचानक सुरू होण्याचा धोका राहतो, हे शिक्षकांनी टेबलावर ठेवलेला सुटा मॅग्नेटो फिरवून, प्रत्यक्ष ठिणगी पाडून दाखवले. नाकाच्या चाकाला लावलेला टो-बार (विमान ओढायचा दांडा) काढायचा विसरून इंजिन सुरू केल्यास काय होते, हेही त्यांनी सविस्तर सांगितले: पाते त्या दांड्यावर आदळते; पात्याचे नुकसान डोळ्यांना दिसते, पण इंजिनाला अचानक बसलेल्या हिसक्यामुळे क्रँकशाफ्टची (इंजिनातील मुख्य फिरत्या दांड्याची) तपासणी करावी लागते आणि त्यासाठी इंजिन उघडावे लागते.

लँडिंगनंतर धावपट्टीवरच घाईने फ्लॅप (उतरताना पंखांमागे खाली सोडलेल्या झडपा) मिटवताना चुकून चाके मिटवण्याचा प्रकार मला नवा होता. जुन्या बीचक्राफ्ट बोनान्झा विमानांत हे दोन स्विच प्रचलित मांडणीच्या उलट जागी होते, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८० च्या अहवालात अशा अपघातांमागे रचनेचाही वाटा असल्याचे दाखवले. सगळा दोष वैमानिकाच्या माथी न मारण्याचा हा प्रामाणिकपणा आवडला.

वाऱ्याचे सत्र मात्र जेवणानंतर घाईत उरकले. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, मागून, डावीकडून वारा असेल तर योक (विमानाचे सुकाणू) उजवीकडे आणि पुढे, हा नियम फळ्यावर लिहून दिला. डावे एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची हलती झडप) खाली आल्याने वारा पंखाखाली शिरून तो उचलू शकत नाही, हे कारण विचारल्यावरच कळले. टेलव्हील, म्हणजे शेपटीखाली चाक असलेल्या, विमानांचा ग्राउंड लूप (जमिनीवर अचानक गर्रकन फिरणे) तर दोन वाक्यांत संपला. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने विमान वळू लागले की ते वळण आपोआप वाढत जाते, याला निदान एक आकृती हवी होती. खुर्च्यांविषयी न बोललेलेच बरे.

नोजव्हील (नाकाखाली चाक असलेल्या) सेस्ना विमानावर शिकणाऱ्याने पहिल्या सोलो, म्हणजे एकट्याच्या, उड्डाणाआधी या कार्यशाळेचे शुल्क जरूर भरावे; टेलव्हील विमान उडवायचे असेल, तर संस्थेने ते सत्र वाढवेपर्यंत थांबावे.