जुने नंदीबैल, ठक्या आणि कचकड्याच्या बाहुल्या : आर्वी तालुक्यातील एका दुकानाचा परिचय

आर्वी तालुक्यातील एका बाजाराच्या गावात, सुतारकामाच्या पडवीलाच लागून, जुनी लाकडी खेळणी आणि बाहुल्या विकणारे एक दुकान आहे. मालक पिढीजात सुतार असून पंचक्रोशीत त्यांना सगळे भाऊ म्हणूनच ओळखतात. वाडे पडले किंवा भावाभावांत वाटण्या झाल्या की माळ्यावरची अडगळ त्यांच्याकडे येते आणि तिच्यातून निवडून काढलेला माल दुकानात लागतो. लाकडाच्या बाबतीत त्यांच्या शब्दावर विसंबून खरेदी करावी, इतर बाबतींत मात्र आपले डोळे उघडे ठेवावेत, असे माझे मत झाले आहे.

दुकानाचे खरे वैभव म्हणजे तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदीबैल. हा सण नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ मध्ये सुरू केल्याचे सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले हे बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैशांची भेट, घेऊन परततात. आजोबांचा बैल नातवाकडे जातो, त्यामुळे तो झिजतोही ठरावीक जागी. इथल्या एका सागवानी बैलाच्या वशिंडामागच्या खाचेत तेल आणि गुलाल मुरून लाकूड काळपट तांबडे झाले आहे आणि वर्षानुवर्षे दोरी ओढल्याने गळ्याभोवती गुळगुळीत खोबण पडली आहे. पोटाखाली वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, घाव स्पष्ट दिसतात, चाकांच्या आसाला लोहाराने ठोकून घडवलेली खीळ आहे, कान मात्र नंतर बसवलेले आहेत. आणि हे शेवटचे भाऊंनी न विचारताच सांगितले. आसाला स्क्रू आणि अंगावर पॉलिश पेपरची सफाई असलेला बैल कितीही काळवंडवलेला असला तरी अलीकडचाच समजावा.

माझा मुख्य आक्षेप रंगाला आहे. सणासाठी येणाऱ्या गिऱ्हाइकाला बैल चकचकीत हवा असतो, म्हणून आलेला माल सरसकट ऑइल पेंटने रंगवला जातो आणि या तडाख्यातून ठक्या, म्हणजे जुन्या लाकडी बाहुल्याही, सुटलेल्या नाहीत. एका ठोकळ्यातून कोरलेली, हात अंगालगत ठेवलेली आणि पाठीला जवळजवळ सपाट अशी एक सुरेख ठकी मी पाहिली. तिच्या निऱ्यांच्या खाचांत मूळ रंगाचे कण शिल्लक होते, पण चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचा जाड थर चढवून ओठ लालभडक केले होते. संग्राहक पैसे मोजतो ते मूळ रंगाचे, मग तो अर्धाअधिक उडालेला का असेना. आधी सांगून ठेवल्यास भाऊ वस्तू न रंगवता देतात. ते अवश्य सांगावे.

कचकड्याच्या बाहुल्यांचे कपाट निराशा करते. कचकडे म्हणजे सेल्युलॉइड, आणि ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून होते. १८७० च्या सुमारास अमेरिकेतील हायट बंधूंनी ते बाजारात आणले आणि पुढे जर्मनी व जपान येथून अशा बाहुल्या जगभर गेल्या. पाठीवर कासवाची खूण असेल तर बाहुली जर्मनीतील मानहाइमच्या कारखान्याची, आणि ‘ऑक्युपाइड जपान’ असे लिहिले असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५२ पर्यंतच्या परकीय ताब्याच्या काळातली. या खुणा न पाहता साध्या प्लास्टिकच्या बाहुल्याही येथे त्याच भावाने मांडल्या आहेत. अंगठ्याने जोरात घासल्यावर कापराचा वास आला तर ती कचकड्याची. गरम सुई टोचून पाहण्याचा प्रकार मात्र कोणी करू नये, कारण हा पदार्थ क्षणात पेट घेतो. जुना होऊन तडकू लागला की त्यातून आम्लयुक्त वायू सुटतो, त्याने शेजारचे लोखंड गंजते आणि इतर बाहुल्याही बिघडतात. असे असताना आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याच्या छपराखाली, बंद काचेआड, हा सगळा माल दाटीवाटीने ठेवलेला आहे. तेथून काही घेतलेच तर ते घरी डब्यात न कोंबता सावलीत, हवेशीर जागी आणि इतर बाहुल्यांपासून दूर ठेवावे.

दुरुस्तीचे काम चोख आहे. तुटलेले शिंग त्याच जातीच्या लाकडाचे, रेषा जुळवून बसवतात आणि जोड कुठे आहे तेही दाखवतात. भाव बोलून ठरतो, पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. पोळ्याच्या आधीच्या पंधरवड्यात गर्दीमुळे निवांत पाहणे अशक्य होते, त्यामुळे संग्रहासाठी जाणाऱ्यांनी दिवाळीनंतरचा बाजाराचा दिवस गाठावा. वाड्यांतून आलेला आणि अजून ब्रश न लागलेला माल तेव्हा मागच्या पडवीत पाहायला मिळतो.