लघुप्रबंधाचा आरंभ मेयोपासून करावा की रिपनपासून?

ब्रिटिशकालीन स्थानिक स्वराज्य संस्थांवर लघुप्रबंध लिहायला घेणाऱ्याला विषय ठरल्याबरोबर आरंभाचे साल ठरवावे लागते. मद्रासची १६८८ मधील महापालिका प्रस्तावनेतल्या एका वाक्यात उरकता येते, कारण पुढच्या व्यवस्थेशी तिचा धागा फारसा जुळत नाही. खरी निवड उरते ती व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा १८७० चा ठराव आणि त्याच पदावर नंतर आलेल्या लॉर्ड रिपनचा १८ मे १८८२ चा ठराव यांतली. माझ्या प्रबंधासाठी मी दोन्ही आराखडे करून पाहिले होते.

रिपनची बाजू भक्कम आहे आणि बहुतेक मार्गदर्शक तीच सुचवतात. मंडळांत सरकारी सदस्य एक तृतीयांशाहून अधिक नसावेत, शक्य तिथे सदस्य निवडून यावेत, अध्यक्षही शक्यतो बिनसरकारी असावा, सरकारने आत बसून कारभार हाकण्याऐवजी बाहेरून लक्ष ठेवावे, आणि या साऱ्यातून लोकांना राजकीय शिक्षण मिळावे, अशी त्या ठरावाची मांडणी आहे. तिथून मुंबई इलाख्याचा १८८४ चा लोकल बोर्ड (म्हणजे ग्रामीण भागातल्या स्थानिक मंडळांचा) कायदा, तरीही कलेक्टरकडेच दीर्घकाळ राहिलेले जिल्हा बोर्डाचे अध्यक्षपद आणि प्रांतांतली काही खाती लोकांना जबाबदार मंत्र्यांकडे देणारी १९१९ ची द्विदल राज्यपद्धती, अशी प्रकरणे आपोआप पडत जातात.

मेयोचा ठराव त्या मानाने रुक्ष आहे. १८५७ नंतर ओढगस्तीला आलेल्या सरकारने पोलीस, तुरुंग, शिक्षण, वैद्यकीय व्यवस्था, रस्ते यांसारखी खाती ठोक रकमेसह प्रांतांकडे सोपवली. ती रक्कम आधीच्या खर्चाहून कमी असल्यामुळे तूट भरून काढण्यासाठी प्रांतांना स्थानिक करांकडे वळावे लागले. १८७१ मध्ये मद्रास, बंगाल, पंजाब येथे लागोपाठ झालेले कायदे त्यातूनच आले. लोकांच्या सहभागाची भाषा ठरावात आहे, पण ती हिशेबाच्या आडोशाने येते.

रिपनच्या आराखड्यात मला जेरीस आणले ते नेमके याच हिशेबाने. एका मध्यम आकाराच्या नगरपालिकेचे १८८० नंतरच्या दशकातले छापील जमाखर्चाचे तक्ते मी पाहत होतो. जमेच्या बाजूला जकातीचा आकडा बाकीच्या बाबींना झाकून टाकणारा होता, घरपट्टी किरकोळ होती आणि खर्चाच्या बाजूला सफाई, दिवाबत्ती, शाळा एकमेकींशी झगडत होत्या. हे असे का, याचे उत्तर १८८२ च्या ठरावात मिळत नाही. त्यासाठी जकातीसारख्या अप्रत्यक्ष करांची वाट मोकळी करणाऱ्या १८५० च्या कायद्यापर्यंत जावे लागते. लोकल बोर्डांचेही तेच. त्यांचा मुख्य आधार म्हणजे शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड, आणि तो आला १८६९ च्या कायद्याने. बोर्ड १८८४ चे आणि त्याची तिजोरी पंधरा वर्षे आधीची, अशा स्थितीत प्रत्येक प्रकरणात तळटीप देऊन मागे जावे लागते आणि पहिली पाने फाटलेल्या पोथीसारखा प्रबंध वाचावा लागतो.

शिवाय रिपनपासून सुरुवात केली, तर महात्मा फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य होते ही गोष्टसुद्धा आराखड्याबाहेर पडते. ते सरकारनियुक्त होते हे खरे, पण मला त्यामुळेच ती अधिक बोलकी वाटते.

मेयोची निवडही निर्दोष नाही. मुंबई इलाख्यापुरते बोलायचे, तर त्याचे साल एका वर्षाने उशिरा पडते आणि १८६९ चा कायदा आधी सांगावाच लागतो. प्रबंध करांच्या तपशिलात रुतून बसण्याचा धोकाही आहे. तुमचा विषय निवडणुका, प्रतिनिधित्व किंवा टिळक-गोखल्यांची पुणे नगरपालिकेतली कामगिरी असा असेल, तर रिपनपासून सुरुवात करण्यात काहीच गैर नाही, मी तरी आग्रह धरणार नाही.

मात्र विषय संस्थांच्या वाढीचा असेल, तर मेयोला स्वतंत्र प्रकरण द्यावे आणि त्याच्या पाठोपाठ रिपन घ्यावा, असे मला वाटते. १८७० चा ठराव प्रस्तावनेत कोंबला, की १९०९ मध्ये विकेंद्रीकरण आयोगाला या संस्थांच्या दुबळेपणामागे निधीची टंचाई का दिसली, हे सांगताना पुन्हा चाळीस वर्षे मागे जावे लागते.