हॉटेल सदस्यत्वाचं वर्ष आणि बाथटबचा काठ

एका मोठ्या हॉटेलसाखळीचं वर्षभराचं सदस्यत्व मी फी भरून घेतलं होतं. त्यासोबत आलेल्या व्हाउचरवर छापलं होतं, "एक रात्र मोफत, दोन व्यक्ती, नाश्त्यासह". फोनवरचा मुलगा सांगत होता, "मॅडम, त्या तारखेला व्हाउचरच्या खोल्या संपल्यात." बोलता बोलता मी त्याच हॉटेलची वेबसाइट उघडली. तीच तारीख, तीच खोली, पैसे भरले तर लगेच मिळत होती. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "तो कोटा वेगळा असतो." मग दुसरी तारीख मागितली, शनिवार. शनिवार चालत नाही. तिसरी मागितली, तर म्हणे लग्नसराई. सदस्यत्व संपायला फार दिवस उरले नव्हते आणि व्हाउचर त्याच्यासोबतच बाद होणार होतं. त्या संध्याकाळी मी हे लिहायचं ठरवलं. तेव्हा लिहिलं असतं तर चार ओळींत संपलं असतं: घेऊ नका, पैसे पाण्यात. आता थोडं वेगळं लिहिते आहे.

हॉटेलसाखळीचं नाव देत नाही, कारण अशी सदस्यत्वाची कार्डं बऱ्याच जणांची आहेत आणि अटी थोड्याफार फरकाने सारख्याच. जेवणावर सूट, केकचं कूपन, एक मोफत रात्र, हे सगळ्यांना माहीत आहे. मी कार्ड घेतलं ते आईसाठी. तिचा जन्म गिरगावातला, संसार डोंबिवलीत. मरीन ड्राइव्हवरची आणि अपोलो बंदरची मोठी हॉटेलं तिने आयुष्यभर बाहेरून पाहिली. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा अजून कुरकुरतो. उदयपूर-जयपूरचे महाल आता तिच्याच्याने होणार नाहीत. म्हणून ठरवलं की आपल्याच शहरातली चांगली हॉटेलं एकेक करून तिला आतून दाखवायची. काही ठिकाणी राहायचं, काही ठिकाणी नुसता चहा. पैसे मोजूनमापून खर्च करायची सवय आहे, त्यामुळे कार्डाची फी भरताना हात आखडला होता. पण एका रात्रीचं भाडं वाचलं तरी निम्मी फी वसूल, असा हिशोब केला.

जेवणाचा हिशोब आधी सांगते, कारण तिथे माझं मत लवकर पक्कं झालं. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये 5 टक्के. समजा 4000 रुपयांचं जेवण झालं, कार्डावर निम्मी सूट मिळाली, राहिले 2000. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज म्हणजे 200, आणि या 2200 वर 18 टक्के कर, 396. हातात येतं 2596 चं बिल. "निम्म्या किमतीत" म्हणून जे ऐकलेलं असतं ते इथवर येतं. यातला सर्व्हिस चार्ज मात्र द्यायलाच हवा असं नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जुलै 2022 ची आहेत, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बिलात हा चार्ज आपोआप टाकता येत नाही. मी तो काढायला सांगितला. कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाने, आधी "ही हॉटेलची पॉलिसी आहे" म्हटलं, मग मॅनेजरला विचारून आला आणि काढला. बिल 2360 झालं. टेबलावर ज्या मुलाने आईची खुर्ची दोन वेळा सावरून दिली होती, त्याच्या हातात मी वेगळे पैसे ठेवले. ते त्यालाच मिळावेत असं मला मनापासून वाटत होतं.

आता खोलीबद्दल. बऱ्याच ईमेलनंतर जुलैतली एक मंगळवारची रात्र मिळाली. मुसळधार पाऊस, डोंबिवलीहून टॅक्सीत अडीच तास, आई कंटाळली होती पण खूश होती. खोली सुंदर होती. पांढरी चादर इतकी ताणून बसवलेली की तिने आधी हात फिरवून पाहिला आणि मगच बसली. खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, करडा पाऊस दिसत होता. तिला तोही आवडला.

मग ती बाथरूममध्ये गेली आणि परत बाहेर आली. "अगं, यात उतरायचं कसं?"

बाथटब होता आणि शॉवर त्याच टबाच्या वर. म्हणजे अंघोळ करायची तर टबात उतरावंच लागणार. टबाचा काठ माझ्या गुडघ्याच्या वर येत होता, आणि आईची उंची माझ्यापेक्षा कमी. अर्ध्या टबाला काचेचं दार, म्हणजे आत जायला जागा निम्मीच. आतला तळ गुळगुळीत. धरायला काय, तर टॉवेल टांगायचा रॉड. ही गोष्ट मला सगळ्यांना ओरडून सांगावीशी वाटते: टॉवेलचा रॉड माणसाचं वजन घेण्यासाठी बसवलेला नसतो. दोन छोट्या स्क्रूंवर तो उभा असतो. पाय घसरल्यावर आपला सगळा भार त्यावर आला, तर रॉडसकट माणूस खाली. आधारासाठी जो बसवतात तो ग्रॅब बार. तो जाड असतो, भिंतीत खोलवर पक्का केलेला असतो आणि त्याची जागा विचार करून ठरवलेली असते. या बाथरूममध्ये इटालियन संगमरवर होता, चार प्रकारचे साबण होते, फोनसुद्धा होता. ग्रॅब बार नव्हता.

रिसेप्शनला फोन केला. उभ्याने अंघोळ करता येईल अशी, टब नसलेली खोली द्या म्हटलं. उत्तर आलं की ती वरची कॅटेगरी आहे, व्हाउचरवर बसत नाही, फरक भरावा लागेल. किती, तर मोफत रात्रीला मोफत म्हणायला जागाच राहिली नसती. ड्यूटी मॅनेजर वर आला, नम्र होता, इंग्रजीत तीच गोष्ट पुन्हा सांगून गेला. मी चिडले होते. आईला शेवटी स्पंज करून देऊ असं मनात ठरवून टाकलं होतं, आणि हे सगळं इथे लिहायचं हेही.

अर्ध्या तासाने बेल वाजली. हाउसकीपिंगच्या एक ताई, हातात प्लॅस्टिकचं स्टूल, बादली, पाण्याचा मग आणि रबरी मॅट. त्यांना कोणी पाठवलं ते कळलं नाही, बहुतेक त्या मॅनेजरनेच. त्यांनी टबाकडे बघितलंसुद्धा नाही. बाथरूमची फरशी पाहिली, कमोडच्या बाजूला पाणी जायची जाळी कुठे आहे ते पाहिलं, जाळीपाशी मॅट अंथरली, त्यावर स्टूल ठेवलं आणि हाताने दाबून ते हलतंय का बघितलं. बादलीत गरम पाणी टबाच्या नळातूनच भरलं. मग आईला म्हणाल्या, "आजी, इथं बसूनच अंघोळ करा. दार नुसतं लोटा, कडी नका लावू. मी बाहेर आहे." आणि खरंच खोलीत थांबल्या. नंतर ओली फरशी पुसून कोरडी करून गेल्या, कारण "आजी रात्री उठतील". पैसे घेतले नाहीत. सकाळी मी त्यांचं नाव लिहून जनरल मॅनेजरला पत्र दिलं.

इथे माझं मत बदललं. हॉटेलबद्दल नव्हे; त्या बाथरूमबद्दल माझं मत आजही तेच आहे. पण काय विचारायचं आणि कोणाला विचारायचं, ते त्या रात्री समजलं. सदस्यत्वाच्या कॉल सेंटरला खोलीतलं काही माहीत नसतं. त्यांच्यासमोर फक्त कॅटेगरीचं नाव आणि कोटा असतो. टब आहे की नाही, काठ किती उंच, दार बाहेर उघडतं की आत, हे हाउसकीपिंगला माहीत असतं. त्यामुळे त्यानंतर मी थेट हॉटेलच्या मुख्य नंबरवर फोन करून हाउसकीपिंगच मागायला लागले.

दुसरी एक गोष्ट खूप कामाला आली. पर्यटन मंत्रालयाकडून तारांकित दर्जा घ्यायचा तर हॉटेलात दिव्यांग पाहुण्यांसाठी निदान एक खोली असावी लागते. व्हीलचेअर जाईल एवढं रुंद दार, कमोडजवळ ग्रॅब बार, हे तिथे असतं. ही खोली बुकिंगच्या साइटवर बहुतेक वेळा दिसतच नाही. फोनवर मागावी लागते, आणि मागितली की बऱ्याचदा साध्या खोलीच्याच भाड्यात मिळते, कारण ती रिकामी पडलेली असते. आईला आधी ते नाव खटकलं. "मी काय अपंग आहे का?" मी म्हटलं, "आई, तिथं धरायला दांडा आहे." तेवढ्यावर ती तयार झाली.

नवीन हॉटेल म्हणजे जास्त सोय, असं मात्र मुळीच नाही. एका अगदी चकचकीत नव्या ठिकाणी बाथरूम आणि पलंगाच्या मधली भिंतच काचेची होती. आतून पडदा होता, पण तो पलंगाशेजारच्या टच पॅनेलवरून वरखाली व्हायचा. आई आत, पॅनेल बाहेर. तिला तिथे अंघोळ करायचीच इच्छा झाली नाही. त्या हॉटेलचा नाश्ता उत्तम होता, पोहे घरच्यासारखे मऊ. तरीही तिथे परत जाणार नाही.

आता आवडलेल्या जागा. ताजमहाल पॅलेसला आम्ही राहिलो नाही, ते खिशाबाहेरचं आहे. तिथल्याच सी लाउंजमध्ये खिडकीशी बसून चहा घेतला. आईला वाटायचं की गेटवे आधीचा आणि ताज नंतरचा. उलट आहे. ताज डिसेंबर 1903 मध्ये उघडलं, गेटवे पुरा झाला 1924 ला. म्हणजे ताजच्या खिडकीतून वीस वर्षं नुसतं बंदर आणि समुद्र दिसत होता. ज्यांनी ताजच्या इमारतीचं काम हाती घेतलं त्यात रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे आपले मराठी अभियंते होते. त्यांच्यासोबत डी. एन. मिर्झा. काम पुरं होण्याआधी वैद्य गेले, मग डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पूर्ण केलं. हे सांगितल्यावर आईने चहा बाजूला ठेवला आणि "वैद्यांचं नाव कुठं लिहिलंय का इथं?" म्हणून वेटरला विचारलं. सुरुवातीलाच या हॉटेलात अमेरिकी पंखे, जर्मन लिफ्ट आणि तुर्की स्नानगृहं होती, असं सांगतात. पाहुण्यांच्या अंघोळीचा इतका विचार तेव्हा केला गेला, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

नरिमन पॉइंटचं ट्रायडंट तिला बाबांमुळे ओळखीचं. 1973 मध्ये ते ओबेरॉय-शेरेटन म्हणून सुरू झालं तेव्हा बाबा जवळच्याच एका ऑफिसात नोकरीला होते. संध्याकाळी वरच्या मजल्यावरून मरीन ड्राइव्हचे दिवे एकेक करून लागताना पाहायचे, एवढ्यासाठी आम्ही गेलो. खिडकी पूर्ण काचेची, म्हणून आईला पलंगावर पडल्या पडल्या सगळा घेर दिसत होता. मी मागे लागले तरी ती जेवायला उठली नाही. जुहूचं सन एन सँड साठच्या दशकापासून वाळूवर उभं आहे. लग्नानंतर ती दोघं त्याच्या बाहेर भेळ खाऊन परत आली होती, असं तिने तिथे बसल्यावर पहिल्यांदा सांगितलं.

सदस्यत्वाचं नूतनीकरण करणार नाही. तीच रक्कम बाजूला ठेवते आहे. पावसाळ्यात, शनिवार-रविवार सोडून, थेट हॉटेलशी बोलून बुकिंग केलं तर दर खूप उतरतात, आणि खोली आपण निवडतो. कोटा, ब्लॅकआउट तारखा (म्हणजे व्हाउचर चालत नाही ते दिवस), व्हाउचरची कॅटेगरी, यांपैकी काही मध्ये येत नाही. ज्यांचं जेवणच महिन्यातून तीन-चार वेळा अशा ठिकाणी होतं, त्यांना कार्ड परवडेल. ज्यांना घरातल्या वयस्क माणसाला घेऊन एखादी रात्र राहायचंय, त्यांनी त्या पैशांतून एक चांगली नॉन-स्लिप मॅट आणि घडीचं स्टूल विकत घ्यावं आणि सोबत न्यावं. मी आता नेते.

आणि फोनवर हे विचारा: शॉवर टबाच्या वर आहे की वेगळा? वेगळा असेल तर आत जाताना उंबरा किती? कमोडच्या कोणत्या बाजूला दांडा आहे, डाव्या की उजव्या? आईचा जोर उजव्या हातात आहे, त्यामुळे बाजू महत्त्वाची. रात्री बाथरूममध्ये मंद दिवा राहतो का? बहुतेक ठिकाणी "कळवतो" म्हणून फोन ठेवतात आणि कळवत नाहीत. परवा अंधेरीच्या एका हॉटेलात मुलीने फोन होल्डवर ठेवला, हाउसकीपिंगच्या कोणाला तरी खोलीत पाठवून मोजायची टेप लावायला सांगितली आणि परत येऊन म्हणाली, "मॅम, उंबरा चार सेंटिमीटर, दांडा उजवीकडे." मी तिथल्या तिथे गुरुवारची खोली ठरवली.