प्रीमियम सिगार, काही महिन्यांच्या वापरानंतर: नवं काही नको, आधी ड्रॉ सांभाळा

ड्रॉ म्हणजे ओढताना सिगारमधून हवा आणि धूर किती मोकळे येतात ते. हा अनुभव हाताने वळलेल्या, लाँग फिलरच्या (आतलं पान अख्ख्या लांबीचं) एका रोबुस्तोचा (आखूड, जाडसर आकाराची सिगार) आहे. लांबी 5 इंच, जाडी 50 रिंग (एक रिंग म्हणजे इंचाचा 64वा भाग, म्हणजे व्यास 20 मिमीच्या आसपास), फिलर (आत भरलेलं पान) आणि बाइंडर (ते बांधून ठेवणारं पान) निकाराग्वाचे, रॅपर (सर्वांत बाहेरचं पान) इक्वेडोरमध्ये पिकवलेला हबानो, म्हणजे क्युबन वंशाच्या बियाण्याचा. तुलनेसाठी त्याच दर्जाचे दोन नव्या धाटणीचे प्रकारही वापरले: एक 60 रिंगचा आणि एक दोन रंगांच्या रॅपरचा, म्हणजे बार्बर पोल. सगळ्या सिगार एकाच हवाबंद डब्यात, 65 टक्क्यांच्या ह्युमिडिटी पॅकवर (आर्द्रता स्थिर ठेवणारी पुडी) ठेवलेल्या.

चवीबद्दल तक्रार नाही. नीट जळणारी रोबुस्तो हातात आली, तर सुरुवातीला सीडरचं लाकूड, मधल्या भागात कोको आणि शेवटी काळी मिरी असा चढता क्रम स्पष्ट लागतो. अडचण अशी की त्याच पेटीतली पुढची सिगार इतकी घट्ट निघते, की झुरक्यात धूर येतच नाही. धूर कमी आला की माणूस जोरात आणि वारंवार ओढतो, निखारा तापतो आणि उत्तम ब्लेंडही (पानांचं मिश्रण) कडू लागतो. पैसे ब्लेंडचे मोजलेले असतात, पण ड्रॉ अडकला की तो ब्लेंड जिभेपर्यंत पोहोचतच नाही.

दोष कुठे होतो हे कारागिराच्या टेबलाकडे पाहिलं की कळतं. बंच (फिलर आणि बाइंडरची जुडी) बांधताना पान जास्त पडलं, किंवा डोक्याच्या, म्हणजे तोंडात धरायच्या, बाजूला पानं पिळली गेली, की हवेची वाट बंद होते. प्रत्येक पानाची स्वतंत्र नळी करून बंच बांधायची एन्तुबादो पद्धत यावर चांगला उपाय आहे, पण तिला वेळ आणि कसबी हात लागतो. पानं एकावर एक रचून पुस्तकासारखी दुमडण्याची पद्धत झटपट होते. तिच्यात लिगेरो, म्हणजे झाडाच्या शेंड्याचं जाड आणि सावकाश जळणारं पान, मध्यभागी न राहता एका कडेला सरकू शकतं. मग ती कड मागे राहते, दुसरी पुढे जळत जाते. वाकडं जळण्यात पेटवणाऱ्याची चूक असू शकते, पण नीट पेटवलेली सिगार दर वेळी मधल्या भागातच एका बाजूने मागे पडत असेल, तर दोष बंचचा समजावा.

घरी करता येण्याजोगी तपासणी सोपी आहे. काही आठवडे एकाच आर्द्रतेत ठेवलेल्या सिगार 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवा. आधी आर्द्रता सारखी करणं महत्त्वाचं, नाहीतर तंबाखूऐवजी पाणीच मोजलं जातं. एकाच आकारात एक-दीड ग्रॅमचा फरक म्हणजे बंचमध्ये पान कमी-जास्त पडल्याची खूण. या पेटीत घट्ट निघालेल्या बहुतेक सिगार वजनदार टोकाच्याच होत्या. मग बोटांनी हलकं दाबत लांबीभर चाचपा. कठीण गाठ लागली तर ती जागा लक्षात ठेवा. कॅप (डोक्यावरचं पानाचं झाकण) 2 मिमीपेक्षा जास्त कापू नका आणि पेटवण्याआधी कोरडा झुरका घ्या. गाठ डोक्याजवळ असेल, तर दातेरी ड्रॉ टूल (वाट मोकळी करायची सळई) सावकाश फिरवत आत घालून थोडी तंबाखू बाहेर ओढता येते. सळई आरपार मात्र घालू नये. सरळ बोगदा तयार होतो आणि धूर गरम येतो.

आता नवेपणाविषयी. 60 रिंगच्या सिगारमध्ये फिलरच्या तुलनेत रॅपरचं प्रमाण 42 रिंगपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतं, हे साधं भूमितीचं गणित आहे. ज्या रॅपरसाठी जास्त किंमत घेतली, त्याचीच चव पातळ झाली. बार्बर पोल दिसायला देखणी, पण दोन पानांची जाडी आणि तेल वेगळं, त्यामुळे जळण्याची रेषा पट्ट्यापट्ट्याने दातेरी होते आणि सांधेही जास्त. एकदा पाहून कौतुक करावं, पेटी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा उपयोगी शोध ड्रॉ मोजणाऱ्या यंत्राचा. साच्यातून निघालेला बंच रॅपर चढवण्याआधी त्यावर तपासतात. घट्ट असेल तर सोडवून पुन्हा बांधता येतो, महागडं पान वाया जात नाही. 1990च्या दशकाच्या शेवटी क्युबाने उत्पादन झपाट्याने वाढवलं आणि त्या काळातल्या अनेक हवाना सिगार अडकलेल्या ड्रॉसाठी बदनाम झाल्या. पुढे तिथल्या कारखान्यांतही ही यंत्रं आली. पण तपासणी नमुन्यापुरतीच राहिली, तर उरलेल्या सिगारचा भरवसा कारागिराच्या हातावरच. त्याची मजुरी नगावर असेल, तर घाई होणारच.

पिकाचा फरक वेगळा. पाऊस-ऊन बदललं की तेच शेत वेगळं पान देतं. ज्यांच्या कोठारात अनेक हंगामांचं पान पडून आहे, ते जुनं-नवं मिसळून चव स्थिर ठेवतात. ज्यांच्याकडे साठा नाही, त्यांची पुढची पेटी वेगळी लागते. पान पुरेसं न आंबवता वापरलं, तर अमोनियाचा झणका नाकाला लगेच कळतो. असा डबा काही महिने मिटून ठेवावा, बऱ्याचदा निवळतो.

दोष देण्याआधी आपला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं उपकरण) तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ, ते ओलसर होईल इतकंच पाणी, मग ते झाकण आणि हायग्रोमीटर दोन्ही हवाबंद पिशवीत एक दिवस. काटा 75 टक्के दाखवायला हवा. 70 टक्क्यांच्या वर ठेवलेली सिगार फुगते आणि चांगला बंचही घट्ट वाटतो.

पेटी घेण्याआधी त्याच ब्लेंडच्या पाच सुट्या घ्या, शक्यतो वेगवेगळ्या पेट्यांतल्या. पेटीच्या तळावर वळल्याचा महिना आणि वर्ष असेल, तर टिपून ठेवा. हा छाप प्रत्येक उत्पादकाने मारावा, सोबत त्या खेपेतले किती बंच ड्रॉ तपासणीतून गेले तेही छापावं. सिगारवरच्या नव्या रंगाच्या कागदी बँडपेक्षा या दोन ओळींसाठी मी जास्त पैसे देईन.