मत इंग्रजी गाण्याला की त्यांच्या भाषेतल्या?

युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेत आपला देश नसला तरी २०२३पासून आपल्याला ऑनलाइन मत देता येतं. अशा सगळ्या देशांची मतं मिळून एका देशाइतकीच धरतात, पण रात्री साडेबारापासून जागून अंतिम फेरी बघितल्यावर मत वाया घालवावंसं वाटत नाही. ते इंग्रजी गाण्याला द्यावं, की स्वतःच्या भाषेत गाणाऱ्याला?

इंग्रजीची बाजू कमकुवत नाही. नव्वदच्या दशकात आपापल्या देशाच्या भाषेत गायची सक्ती होती. इंग्रजीचा हक्क ब्रिटन, आयर्लंड आणि माल्टालाच. १९९२ ते १९९६ या पाच वर्षांत आयर्लंड चारदा जिंकलं. भाषा हे एकच कारण नसेलही, तरी इतरांना ते खुपणं साहजिक होतं. १९९९ला सक्ती उठली हे बरंच झालं. शिवाय गाणं असतं तीन मिनिटांचं. इंग्रजी असलं तर पहिल्याच ऐकण्यात कळतं. स्वीडनची लोरीन २०१२ आणि २०२३ दोन्ही वेळा इंग्रजीत गाऊनच जिंकली, आणि तिच्या आवाजाबद्दल माझी काही तक्रार नाही.

मला अडलं ते वहीपाशी. प्रत्येक गाण्यापुढे मी एक ओळ लिहितो. शेवटी सगळ्यांची झलक पुन्हा दाखवतात, तेव्हा एका वर्षी वही उघडली तर ‘धूर, पांढरा प्रकाश, आवाज छान’ हीच ओळ चार देशांपुढे. चारही गाणी इंग्रजी. झलक चालू होती आणि यातलं मला आवडलेलं कोणतं, हेच सांगता येईना. इतर भाषांपुढे मात्र कानावर पडले तसे दोन-तीन शब्द देवनागरीत उतरवले होते. ते नुसते वाचले आणि चाल आठवली. तेव्हापासून माझं पारडं झुकलं ते झुकलंच.

पोर्तुगाल १९६४पासून येत होतं. पहिल्यांदा जिंकलं २०१७ला, पोर्तुगीजमध्येच. साल्वादोर सोब्राल एकटा उभा, ना नाच ना आतषबाजी, बहिणीने रचलेलं गाणं, सुरांबरोबर हलणारे हात. अर्थ मी दुसऱ्या दिवशी शोधून वाचला. कानडी येत नसताना आपण भीमसेनजींची दासपदं ऐकतोच की.

अर्थाचा हा खटाटोप नको असेल तर इंग्रजी गाण्यांकडे वळायला हरकत नाही. परीक्षकांचा कल वेगळा असू शकतो, तेही खरं: २०२३ला त्यांनी लोरीनला ३४० गुण दिले, फिनिशमध्ये गाणाऱ्या फिनलंडच्या कॅरियाला १५०. प्रेक्षकांनी मात्र कॅरियाला ३७६ आणि लोरीनला २४३.

२०२५ला स्वीडनने १९९८नंतर प्रथमच स्वीडिश गाणं पाठवलं. गाणारे तिघे फिनलंडचे, स्वीडिशची बोली त्यांच्या गावाकडची, विषय सौनाचा, म्हणजे वाफेच्या स्नानाचा. चौथं आलं. माझं मत त्यालाच होतं.