बागडोगऱ्याला उतरलात आणि कुणी म्हणालं, ‘रास्ता बंद है’...

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं मुंबईहून विमानाने बागडोगऱ्याला गेलो. सिलिगुडीचा विमानतळ तो हाच. हवाई दलाचा तळ, त्यातच प्रवासी विमानं, त्यामुळे जागा कमी आणि गर्दी फार. प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीपुढची रांग बघून मी कंटाळलो आणि बॅगा घेऊन बाहेर आलो. पहिली चूक ती.

बाहेर एक तरुण भेटला. इस्त्रीचा शर्ट, अगदी आर्जवी बोलणं. गंगटोकचे चार हजार म्हणाला. मी हो म्हणेपर्यंत त्याला फोन आला, चेहरा पडला. “साहब, एनएच-टेन बंद हो गया. पहाड़ गिरा है.” मोबाईलवर फोटो दाखवला : चिखलाचा ढीग, जेसीबी, मागे गाड्यांची रांग. आता गोरूबथान-लावा या गावांवरून वळसा घालून जावं लागेल, तीन-चार तास जास्त, साडेसात हजार.

ही थाप चालते, कारण ती बरेचदा खरी असते. सिलिगुडीहून गंगटोकला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग १० तीस्तेच्या काठाने डोंगर कापून काढलेला आहे. पावसाळ्यात तो सारखा बंद पडतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ल्होनाक सरोवर फुटून तीस्तेला पूर आला, तेव्हा रस्त्याचे तुकडेच्या तुकडे नदीत गेले. माळशेज घाटात दरडीपायी दोनदा अडकलेल्या माझ्यासारख्या माणसाला तर ते लगेच पटलं. “आधी पैसे टाका, ड्रायव्हरला डिझेल भरायचंय,” म्हणाला. मी सगळे साडेसात हजार यूपीआयने टाकले. अर्धे नाही, सगळे!

गाडी निघाली. सिलिगुडी मागे पडली, सेवकचं जंगल लागलं आणि मग उजवीकडे तीस्तेवरचा कोरोनेशन पूल दिसला. १९४१ साली बांधून झालेला, कमानीचा, सुंदर पूल. तोंडाशी दोन पुतळे आहेत म्हणून लोक त्याला बाघपूल म्हणतात (ते वाघ आहेत की सिंह, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही). बायको मोबाईलवर नकाशा बघत होती. ती हळूच म्हणाली, “अहो, लावाला जायचं तर हा पूल ओलांडायला हवा ना?”

गाडी पूल न ओलांडता सरळ गेली. नदी उजव्या हाताला तशीच राहिली. समोरून गंगटोककडच्या ‘एसके’ नंबरच्या गाड्या निवांत खाली येत होत्या.

ड्रायव्हरला विचारलं, तर त्याला बंद रस्त्याचं काहीच माहीत नव्हतं. त्याला साडेतीन हजार ठरले होते, तेही अजून मिळाले नव्हते. विमानतळाबाहेरच्या त्या तरुण दलालाला फोन लावला. एका क्षणाचाही विचार न करता तो म्हणाला, “अभी-अभी खुला, साहब. आपकी किस्मत अच्छी है.” यावर काय बोलणार? फरक परत दे म्हटल्यावर फोन कट, मग स्विच ऑफ.

रात्री हॉटेलात तो फोटो आठवला. जेसीबीशेजारचे लोक रेनकोट घालून उभे होते. आम्ही उतरलो तेव्हा बागडोगऱ्यात कडक ऊन होतं!

अजून एक. हॉटेलच्या दारापर्यंत सोडायचं ठरलं होतं, पण पश्चिम बंगालच्या टॅक्सीला देवरालीच्या पुढे गंगटोक शहरात जाऊ देत नाहीत. ड्रायव्हरने तिथेच बॅगा उतरवल्या. त्याचा दोष नव्हता, नियमच तसा आहे, पण दलालाला तो माहीत नसेल असं मला वाटत नाही. तिथून स्थानिक टॅक्सीचे पैसे वेगळे.

तुम्ही जाणार असाल तर प्रीपेडच्या रांगेत उभे राहा, किंवा आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला फोन करून रस्त्याची खबर घ्या. त्याला पाहुणे पोचायला हवे असतात, तो खोटं सांगत नाही. बाहेरून गाडी केलीच, तर दोन्ही रस्त्यांचे दर आधी ठरवा आणि पैसे पोचल्यावर थेट ड्रायव्हरच्या हातात द्या.

परतताना देवरालीच्या स्टँडवरून शेअर जीप घेतली. तिकीट देणाऱ्याला विचारलं, रस्ता सुरू आहे का? तो माझ्याकडे बघतच राहिला. “गाड़ी तो जा रही है ना?” सेवकला पूल दिसला, तेव्हा बायकोने मुलांना उठवून दाखवला. “बघा रे, बाबांचा साडेतीन हजारांचा पूल.”